वर्कशॉपात शिकाऊ पोरगं ठेवायचंय? सरकारी पैसा कुठनं आणि कसा मिळवायचा (मिरज-सांगलीकडच्या कारागिरांसाठी)

मागच्या महिन्यात एक चाचा सेंटरवर आले. साठी ओलांडलेली, आयुष्यभर तंबोरे आणि सतारी बनवलेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत आधार, पॅन, पासबुक, रेशनकार्ड सगळं एकावर एक कोंबलेलं. म्हणाले, बेटा, एक पोरगा आलाय शिकायला, दहावी झालाय, हात चांगला आहे, पण घरचे म्हणतात महिन्याला काहीतरी आणलं पाहिजे नाहीतर एमआयडीसीत लावतो, तर शिकणाऱ्या पोरांना सरकार पैसे देतंय म्हणे, ते ह्याला मिळतील का?

माझं मिरजेत ई-सेवा केंद्र आहे आणि हा प्रश्न मला सारखा येतो, कधी सतारमेकर गल्लीतनं, कधी चप्पलवाल्यांकडनं, कधी बुरूडकाम करणाऱ्या मावशींकडनं. पैसे मिळतात, पण प्रत्येक योजना वेगळ्या माणसासाठी आहे आणि आपण सगळ्या एकाच पिशवीत घालतो, म्हणून फॉर्म रिजेक्ट होतात आणि मग माणूस म्हणतो सगळं खोटं आहे. खोटं नाहीये. क्रम चुकतो. म्हणून जे मी रोज काउंटरवर तोंडी सांगतो ते इथं एकदा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, पैसा कुणाच्या खिशात जायला पाहिजे. उस्तादाच्या, शिकणाऱ्या पोराच्या, का हत्यारांवर? पीएम विश्वकर्मा ही योजना आधीपासून काम करणाऱ्या कारागिराची आहे, नवीन शिकणाऱ्याची नाही. पोराला दरमहा स्टायपेंड हवा असेल तर ती अप्रेंटिसशिपची योजना, ती वेगळी. आणि उस्तादांनी बॅच घेऊन शिकवायचं असेल तर हस्तकलेचं खातं, ते तिसरंच. हे तीन मनात वेगळे ठेवले की निम्मं काम झालं.

विश्वकर्मापासनं सुरू करतो कारण सगळे त्याचंच नाव घेत येतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यात १८ व्यवसाय आहेत, सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, चर्मकार, शिंपी, न्हावी, परीट, टोपल्या-चटया-झाडू बनवणारे, मूर्तिकार वगैरे. वय १८ च्या पुढं पाहिजे, स्वतःच्या हातानं आणि हत्यारानं तो धंदा करत असायला पाहिजे, सरकारी नोकरीत कुणी नको, आणि एका कुटुंबातनं एकच नाव. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. म्हणजे लग्न झालेला मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो, हे खूप जणांना माहीत नसतं आणि बापलेक दोघंही उगाच एकमेकांसाठी थांबून राहतात. गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपी, स्वनिधी, मुद्रा असलं कर्ज घेतलेलं असेल तर अडचण येते, मुद्रा आणि स्वनिधी पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं.

मिळतं काय तर पाच-सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, हवं असेल तर पुढं पंधरा दिवसांचं ॲडव्हान्स, दोन्हीला दिवसाला ५०० रुपये. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर. आणि कर्ज, पहिलं १ लाखापर्यंत १८ महिन्यांत फेडायचं, दुसरं २ लाखांपर्यंत ३० महिन्यांत, व्याज ५ टक्के आणि तारण काही नाही. १ लाखाचा हप्ता साधारण ५,८०० च्या आसपास बसतो, हे मी कॅल्क्युलेटरवर काढून माणसाच्या समोर धरतो आणि विचारतो, दर महिन्याला हे जमणार का, कारण पहिलं नीट फिटलं तरच दुसऱ्याचा विषय निघतो.

आता आमच्या मिरजेची अडचण. त्या १८ मधे वाद्य बनवणारा हा व्यवसायच नाही! मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, दरवर्षी दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं मोठमोठे कलाकार येऊन गातात, त्यांच्या मागं वाजणारा तंबोरा आमच्या गल्लीत बनतो, आणि ड्रॉपडाउनमधे त्या कारागिराला टिचकी मारायला जागा नाही. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं. पण म्हणून खोटं काही भरायचं नाही. दांडी घडवणं, तबली म्हणजे भोपळ्यावर बसणारी लाकडी पाटी तासणं, खुंट्या कातणं, नक्षी कोरणं हे ज्याच्या हातात आहे तो सुतारकाम करतोच, तर त्यानं सुतार म्हणून भरावं आणि ट्रेनिंगआधी कौशल्य तपासतात तेव्हा रंधा पटाशी चालवून दाखवावी, काही प्रश्न येत नाही. फक्त तारा चढवणारा किंवा पॉलिश करणारा असेल त्यानं सुतार भरू नये, तिथं अडकणार. चप्पलवाल्यांचं मात्र सोपं आहे, कोल्हापुरी चपलेच्या जीआयमधे सांगली सातारा दोन्ही जिल्हे आहेत आणि चर्मकार हा व्यवसाय यादीत सरळ आहे.

आणि एक, शिकायला आलेल्या पोराचं नाव विश्वकर्मात टाकू नका. त्यानं अजून धंदा केलेला नाही, आठ दिवसांच्या ट्रेनिंगनं तो कारागीर होत नाही आणि उद्या खरंच कारागीर झाला तेव्हा त्याचा नंबर संपलेला असेल. नाव उस्तादाचं नाहीतर त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलाचं. केंद्रात जायच्या आधी पोर्टलवर तुमच्याकडची नवीन नोंदणी चालू आहे का ते बघून घ्या म्हणजे हेलपाटा वाचेल.

नोंदणी फुकट आहे, हे परत लिहितो, फुकट आहे. कुणी पाचशे मागितले, माझ्यासारख्या सेंटरवाल्यानं जरी मागितले तरी देऊ नका. उद्यम नोंदणीचंही, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदीचंही तेच, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन टाकून फुकटात होते, पण गुगलवर शोधलं की वरती खाजगी साइट येतात, सरकारी असल्यासारख्या दिसतात आणि हजार-दोन हजार घेतात. उद्यम आधी काढाच, बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात पहिला प्रश्न तोच असतो.

फॉर्म भरल्यावर तीन ठिकाणी तपासणी होते, आधी गावात ग्रामपंचायत, शहरात महापालिका किंवा नगरपालिका, मग जिल्ह्याची समिती, मग वरची. पहिल्या पायरीवर सगळ्यात जास्त फॉर्म अडकतात. माझ्याकडनं गेलेले एका गावचे अकरा फॉर्म चार महिने तसेच पडून होते, कारण तिथं लॉगिन कुणी उघडलंच नव्हतं, कारागीर बिचारे माझ्याकडं येऊन विचारायचे दादा काय झालं आणि मी स्टेटस काढून दाखवायचो, तेच तेच. शेवटी आम्ही सगळ्यांचे अर्ज क्रमांक एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत लेखी दिले, पोच घेतली, मग हललं. तुम्हीही तसंच करा, तोंडी सांगून येऊ नका.

आता बोटाच्या ठशाचं. आधारवरनं ओळख पटवायला मशीनवर बोट ठेवावं लागतं. ही गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही पण कारागिरांच्या बाबतीत हमखास होते. चाचांचा अंगठा मशीनवर ठेवला, लाल. दुसरं बोट, लाल. दहाच्या दहा बोटं लाल. मी हात बघितला तर बोटांच्या टोकाला रेषाच नाहीत, पन्नास वर्षं कानस आणि पॉलिश कागद धरून चामडी गुळगुळीत झालेली, नखांच्या कडेला लाखेचा रंग बसलेला. त्या क्षणाला मला वाटलं की ह्या माणसाला कारागीर असल्याचा आणखी काय पुरावा पाहिजे, आणि मशीन तर म्हणतंय माणूसच ओळखू येत नाही. तर उपाय असा, आदल्या रात्री हाताला खोबरेल किंवा ग्लिसरीन लावून झोपा, सकाळी काम न करता हात धुवून या, सिमेंट, माती, पॉलिशमधनं उठून थेट येऊ नका. तरी नाही झालं तर आधार केंद्रात जाऊन आधी बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, डोळ्याचं स्कॅनही त्यातच होतं. चाचांचं अपडेट केल्यावर काही दिवसांनी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर हिरवं आलं, सेंटरवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे झालं उस्तादाचं. आता पोराचा स्टायपेंड.

त्याला अप्रेंटिसशिप, कायदा १९६१ चा, आणि सरकारच्या मदतीची योजना म्हणजे नॅप्स, २०१६ पासनं. ह्यात पोराला महिन्याला स्टायपेंड मालकानं द्यायचा आणि सरकार त्यातला २५ टक्के वाटा उचलतं, जास्तीत जास्त १,५०० रुपये, आणि तो आता थेट पोराच्या खात्यात येतो. २०१९ च्या नियमांत कमीत कमी स्टायपेंड असा ठरला, पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,०००, दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. करार करायच्या दिवशी पोर्टलवर चालू दर बघून घ्या. तर चाचांकडं शिकायला आलेला पोरगा दहावी, म्हणजे त्या दरानं ६,०००, त्यातले १,५०० सरकारचे, ४,५०० चाचांनी द्यायचे. हे ऐकल्यावर चाचा जरा गप्प झाले. त्यांना वाटलेलं सगळेच सरकार देतंय.

आणि खरी अट पुढं आहे. ज्या ठिकाणी ३० किंवा जास्त माणसं कामाला आहेत त्यांना अप्रेंटिस घेणं सक्तीचं, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक, आणि ४ पेक्षा कमी असतील तर घेताच येत नाही. आता मला सांगा, आपल्याकडं किती वर्कशॉपात चार माणसं असतात? चाचा, मुलगा आणि पॉलिशला एक गडी. तीन. कुंभारवाड्यात नवरा-बायको दोघं. बुरूडकामात मावशी एकटी. म्हणजे कायदा कारखाना डोळ्यासमोर ठेवून झालाय आणि जिथं खरोखर उस्तादाच्या गुडघ्याला गुडघा लावून शिकणं होतं ती जागा त्याच्या बाहेर राहिली. मी हे जिथं तिथं बोलतो, उद्योग केंद्राच्या मेळाव्यात पण उठून बोललोय, कारण कुणीतरी बोलल्याशिवाय हे बदलणार नाही.

पण आहे त्या नियमातनं एक वाट निघते. अप्रेंटिस कायद्यातच लिहिलंय की अनेक मालक एकत्र येऊन पोराला एका वर्कशॉपातनं दुसऱ्या वर्कशॉपात फिरवत प्रॅक्टिकल शिकवू शकतात. म्हणजे गल्लीतलं असं एखादं मोठं दुकान बघा जिथं पाच-सात माणसं पगारावर आहेत, किंवा तुमची सोसायटी, फर्म, क्लस्टर असेल तर ते, त्यांच्या नावानं अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करा आणि तुमचं वर्कशॉप शिकवायची जागा म्हणून दाखवा. हे फोनवर ठरवू नका. जिल्ह्यात सरकारी आयटीआयला जोडून बीटीआरआय म्हणून अप्रेंटिसचं ऑफिस असतं, तिथं दोन्ही मालकांनी सोबत जा, सगळं लेखी विचारा, लेखी घ्या.

ट्रेड निवडताना दोन प्रकार दिसतील, सरकारनं ठरवलेला ट्रेड आणि मालकानं स्वतः आखलेला म्हणजे ऑप्शनल. सतार-तंबोऱ्यासाठी आपला स्वतःचा कोर्स आखावा असं मनात येतं आणि ते बरोबरच आहे, पण त्याची मंजुरी, तासांचा हिशोब, परीक्षा कोण घेणार हे सगळं उभं करावं लागतं, एकट्या दुकानाला झेपत नाही. सुरुवातीला सुतारकामाचा ठरलेला ट्रेड घ्या. नवख्या पोराला आधी बेसिक ट्रेनिंग लागतं ते आयटीआयसारख्या ठिकाणी होतं, आणि खरं सांगू का, मोजमाप, लाकडाची ओळख, मशीनवरची सेफ्टी ह्या गोष्टी तिथं जास्त शिस्तीत शिकवतात.

वयाचं लक्षात ठेवा. १४ च्या आत कुणालाही कामावर ठेवायचं नाही, धोक्याच्या कामाला १८. स्वतःचं लेकरू शाळा सुटल्यावर बसून बघत असेल, हातभार लावत असेल तर गोष्ट वेगळी. १८ च्या आतल्या पोराचा करार असेल तर पालकाची सही लागते, तर आईबापाला पहिल्याच दिवशी सोबत बोलवा, त्यांना स्टायपेंडचा आकडा समोर सांगा, नंतर वाद नको.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही विचारतात, तिच्यात बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,००० असे आकडे आहेत, पण बारावीच्या खालच्याला ती नाही आणि काही महिन्यांचीच आहे. तंबोरा काही महिन्यांत येत नाही.

हस्तकलेच्या खात्याचं म्हणजे केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाचं थोडक्यात. वाद्य बनवणाऱ्यांनी तर हे सोडूच नका, कारण त्यांच्या यादीत वाद्यं ही हस्तकला म्हणून आहे. त्यांचं पहचान कार्ड काढा, फुकट असतं, आधारला जोडलेलं. ह्या कार्डावर तुमची कला तुमच्याच नावानं लिहून येते आणि पुढच्या सगळ्या गोष्टी, प्रदर्शनातला स्टॉल, टूलकिट, ट्रेनिंग, ह्या कार्डापासनं सुरू होतात. त्यांच्याकडं गुरु-शिष्य पद्धतीचं ट्रेनिंगही आहे, त्यात शिकणाऱ्याला रोजचे पैसे आणि शिकवणाऱ्याच्या मानधनाचीही सोय असते. ही एकच जागा मला सापडली जिथं उस्तादाच्या वेळेला किंमत धरलीय.

इथं जरा थांबतो, कारण पैशापेक्षा मोठा प्रश्न हाच आहे, की एक माणूस किती जणांना शिकवू शकतो.

सरकारी बॅच म्हटलं की वीस-पंचवीस पोरांचा हॉल आणि हजेरीपत्रक. आणि आमचं वर्कशॉप म्हणजे दहा बाय बारा, त्यात मंगळवेढा-पंढरपूर भागातनं आलेले भोपळे छतापर्यंत टांगलेले, एका कोपऱ्यात लाकूड, मधे चाचा मांडी घालून बसलेले आणि त्यांच्या उजव्या बाजूला एका माणसाची जागा. एकाची. मी चाचांना जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवताना बघितलंय. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरनं जातात त्या पट्टीचा, वरचा भाग सपाट दिसतो पण तसा नसतो, त्याला अगदी किंचित उतार असतो, तार त्याच्यावर घासत जाते तेव्हा तो भरलेला आवाज निघतो. चाचा कानस दोनदा फिरवतात, तार चढवतात, छेडतात, कान लावतात, तार काढतात, परत एकदा फिरवतात. कानस एक हात जास्त फिरली की आवाज बसला, परत पहिल्यापासनं. आता हे वीस पोरांना हॉलमधे कसं दाखवणार? शेजारी बसलेल्या पोराला सुद्धा कानावर भरवसा यायला वर्षं जातात.

म्हणून कुणीही अर्ज करायच्या आधी माझं सांगणं आहे, एका उस्तादामागं दोन पोरं, तीन म्हणजे डोक्यावरनं पाणी. आणि उस्तादाचा वेळ हिशोबात धरा. दिवसाचे दोन तास शिकवण्यात गेले, महिन्याचे पंचवीस दिवस, पन्नास तास झाले, तासाला शंभर रुपये पकडले तरी ५,००० रुपयांचं काम त्या महिन्यात झालं नाही. वाया गेलेलं लाकूड वेगळं. हे आधी घरात मोकळं बोला, कारण मी अशी दोन-तीन घरं बघितलीत की पोरगं आलं, चार महिन्यांत ऑर्डर मागं पडल्या, सुना-मुलगे कुरकुरायला लागले आणि पोरगं नाराज होऊन निघून गेलं.

बॅच घ्यायचीच झाली तर काम दोन भागात तोडा. जे सगळ्यांना एकदम शिकवता येतं, हत्याराला धार लावणं, मोजमाप, लाकूड ओळखणं, लाखेचं काम, ते एखाद्या हॉलमधे नाहीतर आयटीआयच्या शेडमधे सगळ्यांना मिळून, आणि मग दोन-दोन पोरं वेगवेगळ्या वर्कशॉपात वाटून द्या, एकाकडं खुंट्या, एकाकडं तबली, एकाकडं पॉलिश, दर दोन-तीन महिन्यांनी बदल. दहा वर्कशॉप एकत्र आली तर वीस पोरांची सोय होते. प्रस्ताव लिहिताना हेच लिहा, किती उस्ताद, प्रत्येकाकडं किती जागा, किती हत्यारांचे संच, कुठल्या महिन्यात काय शिकवणार. ऑफिसात बसलेल्या माणसाला सतार कशी बनते ते माहीत नसतं, त्यात त्याची चूक नाही, आपणच सांगायला पाहिजे. महिनावार तक्ता लावलेला कागद असला की साहेब पण नीट वाचतात, हा माझा अनुभव आहे. आणि पहिल्या दिवसापासनं एक वही घाला, तारीख, पोराचं नाव, काय शिकवलं, पोराची सही. त्या वहीनं पुढं परीक्षेला, तपासणीला, सगळ्याला काम होतं.

राहिलं पोराचं बँक खातं. आधार लिंक आणि आधार सीडिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँक म्हणते लिंक आहे पण सरकारचा पैसा ज्या खात्याला सीडिंग झालंय तिथंच जातो. एका पोराचे तीन महिन्यांचे पैसे त्याच्या शाळेतल्या स्कॉलरशिपच्या जुन्या खात्यात जाऊन पडले होते, पासबुक आजोळी, एटीएम नाही, आणि घरात सगळे म्हणत होते मालकानं खाल्ले. मालकाचा काही दोष नव्हता. तर करार करायच्या आधी आधारच्या साइटवर पोराचं सीडिंग कुठल्या बँकेला आहे ते बघा, चुकीचं असेल तर पाहिजे त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या आणि चार-आठ दिवसांनी परत तपासा.

चाचांचं सध्या असं चाललंय. मुलाचं लग्न झालेलं, दांडी-तबली तोच करतो, तर विश्वकर्मात सुतार म्हणून त्याचं नाव टाकलं, पहिली पायरी पार झालीय. चाचांचं पहचान कार्डाचं भरलं. पोरासाठी गल्लीतल्याच एका मोठ्या दुकानानं नाव द्यायला होकार दिला, तिथं सात माणसं आहेत, ४,५०० मधले निम्मे चाचा देणार निम्मे दुकान, पोरगं सकाळी दुकानात आणि दुपारनंतर चाचांकडं, बीटीआरआयमधे दोघंही जाऊन लेखी देऊन आलेत. करार अजून निघालेला नाही कारण पोराचं सीडिंग त्याच्या आईच्या जॉइंट खात्याला निघालं. मंगळवारी त्याला बँकेत घेऊन जायचंय.